भांड्यावरचा पापुद्रा

अकरावीच्या वर्गाला ॲल्युमिनिअम शिकवायचं असलं की फळ्याकडे वळण्याआधी मी बर्नर पेटवत असे. ॲल्युमिनिअमची तार चिमट्यात धरायची आणि तिचं टोक निळ्या ज्योतीत न्यायचं. हा धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, ज्योत त्याहून कितीतरी गरम, तेव्हा थेंब टपकायला हवा. मुलं खालच्या फरशीकडे डोळे लावून बसायची. थेंब काही पडत नसे. तार मऊ व्हायची, लोंबायची, टोकाशी फुगायची. चिमटा हलवला की आत काहीतरी डचमळतंय हे मागच्या बाकावरूनही दिसायचं, पण ते बाहेर येत नसे. तारेभोवती ॲल्युमिनिअम ऑक्साइडचा पापुद्रा असतो आणि तो वितळायला दोन हजार अंशांच्या वर जावं लागतं. आतला धातू पाणी पाणी झाला तरी ही पिशवी शाबूत राहते.

एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, म्हणजे आपण हात लावतो ते ॲल्युमिनिअम नसतंच का?” विचारलं होतं चेष्टेत, पण उत्तर खरोखरच ‘नसतं’ असं आहे. निवृत्तीनंतर घरातली भांडी घासण्याचं काम माझ्या वाट्याला आलं, तेव्हापासून या उत्तराचा पडताळा मला रोज मोरीत येतो.

बहुतेक धातू खाणीतून निघतात ते ऑक्सिजनशी किंवा गंधकाशी जखडलेल्या रूपात. भट्ट्या लावून, वीज जाळून आपण त्यांना सोडवतो आणि सुटल्या क्षणापासून ते परतीच्या वाटेला लागतात. सोन्यासारखे एक-दोन अपवाद वगळले तर कुठल्याही धातूचा पृष्ठभाग हवेत उघडा राहत नाही. म्हणून भांडं कोणत्या धातूचं, हा प्रश्न माझ्या लेखी दुय्यम आहे. त्याच्या अंगावर पापुद्रा कसला आहे, तो धातूला घट्ट धरून राहतो का, ओरखडा पडला तर आपला आपण भरून येतो का आणि कशाने विरघळतो, हे आधी विचारावं. भांड्यांवरच्या आपल्या चर्चेत नेमकं हेच कोणी विचारत नाही. ‘पितळ चांगलं, ॲल्युमिनिअम वाईट’ अशी सरसकट विधानं मात्र लग्नाच्या पंगतीपासून दवाखान्याच्या बाकापर्यंत सगळीकडे ऐकू येतात.

स्टेनलेस स्टीलपासून सुरुवात करू, कारण आज बहुतेक घरांत तेच आहे. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड गावी हॅरी ब्रिअर्ली नावाचा पोलाद-तज्ज्ञ बंदुकीच्या नळ्या लवकर का झिजतात याचा शोध घेत होता. पोलादाची घडण सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तर आधी नमुन्यावर आम्ल लावावं लागतं. सुमारे १३ टक्के क्रोमिअम घातलेला नमुना त्या आम्लाला दाद देईना. बंदुकीला त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण शेफील्ड हे सुऱ्या-काट्यांचं गाव असल्यामुळे ब्रिअर्लीच्या मनात पहिल्यांदा आली ती जेवणाच्या टेबलावरची सुरी. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कंपनीत क्रोमिअमच्या जोडीला निकेल घालून आणखी चिवट पोलाद तयार झालं होतं. आपल्या ताट-वाट्यांचं सरळ नातं या जर्मन पोलादाशी आहे. चांगल्या भांड्यांच्या ३०४ या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमिअम आणि ८ टक्के निकेल असतं.

पोलादात क्रोमिअम साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की पृष्ठभागावर क्रोमिअम ऑक्साइडचा सलग थर धरतो. त्याची जाडी दोन-तीन नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करावेत आणि त्यातले दोन-तीन घ्यावेत, एवढीच. डोळ्यांना तो दिसत नाही, म्हणून स्टील नुसतं चकाकतं असं आपल्याला वाटतं. तारेच्या घासणीने खरवडलं तर थर फाटतो, पण हवा लागताच उघड्या पडलेल्या क्रोमिअमवर नवा थर चढतो. स्टीलची खरी करामत ही आहे. गॅसवर रिकामं विसरलेलं पातेलं निळसर-सोनेरी होतं, तेव्हा हाच थर जाड झालेला असतो आणि त्यातून परतणाऱ्या प्रकाशामुळे रंग दिसतात. भांडं बिघडलेलं नसतं.

या थराला एक शत्रू मात्र आहे आणि तो प्रत्येक फडताळात असतो. स्टीलच्या डब्यात मीठ भरून ठेवलं की पावसाळ्यानंतर तळाशी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसू लागतात, पुढे पुढे भोकंही पडतात. मिठातले क्लोराइड आयन ओलाव्याबरोबर थराच्या एखाद्या कच्च्या जागी शिरतात. त्या बारीकशा खड्ड्यात ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे नवा थर धरत नाही. आत आम्लता वाढत जाते आणि खड्डा खोल जातो. बाकी सगळा डबा लखलखीत आणि एकाच जागी आरपार भोक, असं दृश्य त्यातूनच तयार होतं. मीठ आणि लोणचं चिनी मातीच्या बरणीत ठेवायची रीत स्टील येण्याच्या कितीतरी आधीची, पण स्टील आल्यावरही ती मोडली नाही हे बरं झालं. पातेल्यात गार पाण्यात मीठ टाकून ते तसंच ठेवू नये, पाणी उकळल्यावर घालून ढवळावं, याचंही कारण हेच. नाहीतर न विरघळलेलं मीठ तळाशी बसतं आणि पांढरे ठिपके उठतात.

जाता जाता एक सांगतो. दुकानात लोहचुंबक लावून स्टीलची परीक्षा करणारे ग्राहक मी पाहतो. चुंबक घट्ट चिकटला तर त्यात निकेल नाही किंवा नगण्य आहे, एवढं कळतं. पण निकेल वाचवून मँगेनीज घातलेलं २०० मालिकेतलं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही आणि त्याचा थर ३०४ इतका भक्कम नसतो. चुंबकाच्या भरवशावर जास्त पैसे मोजू नयेत.

ॲल्युमिनिअमची गोष्ट थोडी दुःखाची आहे, कारण या धातूची बदनामी फार झाली. गावाकडे आजही त्याला ‘जर्मन’ म्हणतात, आणि जर्मनचं पातेलं म्हणजे गरिबाघरचं पातेलं. एके काळी हा धातू इतका दुर्मीळ होता की १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या शिखरावर मान म्हणून ॲल्युमिनिअमचं टोपण बसवलं होतं. दोनच वर्षांनी अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी एकमेकांना न कळता विजेच्या साहाय्याने तो काढण्याची रीत शोधली आणि भाव कोसळले. पृथ्वीच्या कवचात लोखंडाहून जास्त असलेला हा धातू मग पातेली, डबे आणि पुढे प्रेशर कुकर होऊन घरोघर गेला.

त्याचा पापुद्रा घट्ट आहे, क्षणात भरून येणारा आहे. नसता, तर ॲल्युमिनिअम वापरताच आलं नसतं. ओरखडा काढलेल्या ॲल्युमिनिअमवर पाऱ्याचा थेंब लागला तर त्या जागी पापुद्रा धरू शकत नाही. मग पांढरे तंतू डोळ्यांदेखत वर येतात आणि खालचा धातू पोखरला जातो. विमानात पारा नेण्यावर कडक बंधनं आहेत त्यामागे हे मोठं कारण आहे, कारण विमानाचं अंग बहुतांशी ॲल्युमिनिअमचं. स्वयंपाकघरात पाऱ्याची भीती नाही. तिथे भीती आहे ती आंबट आणि खारी अशा दोन्ही गोष्टींची, कारण ॲल्युमिनिअम ऑक्साइड आम्लातही विरघळतो आणि अल्कलीतही. चिंच-गुळाची आमटी, कढी, टोमॅटोचं सार, कोकमाची सोलकढी एका बाजूला. धुण्याचा सोडा दुसऱ्या बाजूला. ‘जर्मनच्या भांड्यात कढी करू नये’ असं सांगणाऱ्या बायकांना रसायनशास्त्राचं एकही समीकरण माहीत नव्हतं, पण त्यांचं निरीक्षण चोख होतं.

कुकरचं उदाहरण घरोघर दिसतं. साध्या ॲल्युमिनिअमच्या कुकरमध्ये तळाशी नुसतं पाणी घालून भात-वरण लावलं की आतून काळसर झाक येते. उकळत्या पाण्यात पापुद्रा जाड होतो, पाण्यातले क्षार आणि धातूतली थोडीफार अशुद्धी त्यात अडकते, आणि प्रकाश नीट परतत नाही म्हणून ते काळं दिसतं. उपाय सगळ्यांना माहीत आहे. पिळून झालेली लिंबाची फोड नाहीतर चिंचेचं बुटुक पाण्यात टाकायचं. कुकर पांढरा स्वच्छ निघतो. पण झालं काय? लिंबातल्या सायट्रिक आम्लाने जाड झालेला पापुद्रा विरघळवला, त्याबरोबर थोडा धातूही गेला. म्हणजे काळा कुकर जास्त सुरक्षित आणि पांढराशुभ्र कुकर थोडा झिजलेला, असा उलटा हिशेब आहे. धातू जातो तो तळाच्या पाण्यात, डब्यातल्या भातात नव्हे, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. पण काळेपणा म्हणजे घाण, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की खरवडून खरवडून आपण भांड्याचं संरक्षणच काढून टाकतो. कुकर आतून तारेने घासणाऱ्या माणसाशी माझा आता वाद होतो, आणि तो माणूस घरातलाच असतो.

हा पापुद्रा मुद्दाम जाड करता येतो. भांडं सल्फ्युरिक आम्लात बुडवून त्यातून वीज सोडली की त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइड वाढत जातो. काही नॅनोमीटरच्या जागी पाच-पन्नास मायक्रॉन, म्हणजे काही हजार पट जाड. ‘हार्ड अनोडाइज्ड’ म्हणून मिळणाऱ्या करड्या-काळ्या कढया आणि कुकर म्हणजे हेच. त्यांच्यावर रंग चढवलेला नसतो, तो धातूचाच पापुद्रा असतो.

लोखंडाच्या बाबतीत निसर्गाने हात आखडता घेतला. लोखंडही ऑक्सिजन धरतं, पण गंज म्हणून जे तयार होतं ते मूळ धातूहून जास्त जागा घेतं, सच्छिद्र असतं आणि पापडी होऊन सुटतं. खालचं लोखंड पुन्हा उघडं. ज्या धातूला स्वतःचा पापुद्रा धरता येत नाही त्याला तो माणसाने द्यावा लागतो, आणि हे काम तेल करतं. बिडाच्या तव्यावर तेलाचा पातळ हात फिरवून तो चांगला धूर येईपर्यंत तापवला की तेलाचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने एकमेकांना जोडले जातात आणि एक कठीण, काळा, गुळगुळीत थर बसतो. तैलरंग वाळतो तो याच क्रियेने. ज्या तेलात दुहेरी बंध जास्त, ते तेल लवकर जुळतं. त्यात जवसाचं तेल अव्वल, म्हणून चित्रकारही तेच वापरतात. खोबरेल यात मागे पडतं, कारण त्यात असे बंध फार थोडे. अर्धा कांदा सुरीच्या टोकाला खोचून, तेलात बुडवून, तव्यावर फिरवायचा आणि मग घावन घालायचं. कोकणातल्या चुलीवर पिढ्यान् पिढ्या चाललेल्या या कृतीत तव्याची रोजची डागडुजी आपोआप होत असे. मुरलेला तवा साबणाने धुतला तर काही बिघडत नाही. त्यात रात्रभर आंबट आमटी ठेवली तर बिघडतं.

लोखंड मात्र गळलं तरी त्याचा रागराग करू नये. कढईत शिजलेल्या पालेभाजीत, विशेषतः आंबट पदार्थात, लोखंड उतरतं आणि पंडुरोगाच्या या देशात ते उतरलेलं चांगलंच. आवळ्याची पूड लोखंडी कढईत भिजवली की काळीकुट्ट होते, कारण आवळ्यातली टॅनिनं लोखंडाला धरतात. केसांना लावायला ती वापरणाऱ्यांना हे ठाऊक आहे. पदार्थाचा रंग जातो, चव थोडी बदलते, इतकंच.

नॉनस्टिकविषयी थोडक्यात. १९३८ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांच्या सिलिंडरमधून वायू येईना, पण वजन तर भरलेल्या सिलिंडरएवढंच. सिलिंडर कापून पाहिला तर आत पांढरी, गुळगुळीत पूड. तीच पुढे टेफ्लॉन झाली आणि फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार यांनी ती तव्यावर बसवली. आपल्याकडे औरंगाबादच्या ‘निर्लेप’ने हे तवे मध्यमवर्गात रुजवले. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका पक्का की त्याला काहीच चिकटत नाही. पण हा पापुद्रा परका आहे, धातूतून उगवलेला नाही. ओरखडा पडला की तो भरून येत नाही. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवला तर २६० अंशांच्या पुढे तो बिघडू लागतो आणि त्याहून वर त्यातून निघणारे वायू पिंजऱ्यातल्या पोपटाचा जीव घेऊ शकतात. तवा खरवडला गेला असेल तर निमूटपणे टाकून द्यावा. त्यात परंपरेचा वगैरे प्रश्न नाही.

परंपरेचा प्रश्न पितळेच्या बाबतीत आहे, आणि माझं मुख्य म्हणणं तिथेच आहे.

तांबं आणि पितळ या धातूंचा पापुद्रा धड लोखंडासारखा सुटतही नाही आणि स्टीलसारखा राखतही नाही. तांब्यावर आधी तांबूस, मग काळा ऑक्साइड धरतो, दमट हवेत हिरवा कळंक चढतो. चिंचेने घासलं की हे सगळं टार्टरिक आम्लात विरघळून जातं आणि गुलाबी धातू बाहेर येतो. घासताना जे चिंच करते तेच आमटीतली चिंचही करते, ताकातलं लॅक्टिक आम्लही करतं. पितळी भांड्यात ठेवलेलं ताक कळकतं ते यामुळे. तांब्याचे आयन त्यात उतरतात, हिरवट झाक येते, तोंडाला विचित्र चव लागते, पोटात ढवळतं. पिण्याच्या पाण्यापुरतं मात्र हे गळणं उपकारक ठरतं. तांब्याच्या घागरीत रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले रोगजंतू मरतात हे प्रयोगांनी दाखवलं आहे, आणि साध्या पाण्यात उतरणारं तांबं जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या लिटरला २ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या आत राहतं. त्यात लिंबू पिळलं की हिशेब बदलला.

जुन्या घरांना हे माहीत होतं. बंब, घंगाळ, हंडा, कळशी यांना आतून काही लावत नसत, कारण त्यांत फक्त पाणी. पातेली, तपेल्या, चरव्या यांना मात्र कल्हई. आणि कल्हईचा धातू, कथील, २३२ अंशांना वितळतो. तडतडत्या फोडणीचं तेल त्याच्या जवळपास जातं. म्हणूनच असेल, वरण पितळी पातेल्यात आणि फोडणी लोखंडी पळीत, अशी वाटणी होती. स्वयंपाकघरातल्या भांड्यांची मांडणी त्यांच्या पापुद्र्यांना धरून झालेली होती असं आता मागे वळून पाहताना दिसतं.

कल्हई कशी लागते हे अलीकडच्या वाचकांनी पाहिलं नसेल, म्हणून सांगतो. अंगणाच्या कोपऱ्यात हातभर खड्डा, त्यात कोळसे, बाजूला भाता. भांडं आधी वाळूने नाहीतर तेजाबाने घासून घ्यायचं. मग ते विस्तवावर फिरवत तापवायचं. ते किती तापलंय हे कल्हईवाल्याला रंगावरून आणि अंगाला लागणाऱ्या धगीवरून कळायचं. फार तापलं तर कथील पिवळं पडतं, कमी तापलं तर पसरत नाही. मग चिमूटभर नवसागर आत टाकायचा. नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड. तापल्यावर तो अमोनिआ आणि हायड्रोजन क्लोराइड यांत फुटतो, आणि यातला दुसरा, आम्लधर्मी वायू तांब्यावरचा उरलासुरला ऑक्साइड खाऊन टाकतो. दोन्ही वायू वर थंड हवेत परत भेटतात आणि त्यांचा पुन्हा नवसागर होतो. अंगणभर पसरणारा तो पांढरा धूर म्हणजे तोच. त्या क्षणी, हवा पुन्हा शिवण्याच्या आत, कथलाची कांडी आतून टेकवायची. ती वितळते, कापसाच्या बोळ्याने ती सगळीकडे फिरवायची, आणि काळपट पितळ एका हातात चांदीसारखं पांढरं होतं. मग चर्रकन पाण्यात.

ही नुसती चोपडलेली कल्हई नसते. जिथे कथील तांब्याला भिडतं तिथे दोघांचं मिळून एक तिसरं संयुग तयार होतं, म्हणून ती सुटत नाही, झिजते. कथलावर स्वतःचा ऑक्साइड असतो, तो सौम्य आंबटाला सहसा दाद देत नाही, आणि थोडं कथील पोटात गेलंच तरी ते फारसं शोषलं जात नाही. वर्ष-सहा महिन्यांनी तळाशी पिवळा डाग दिसू लागला की भांडं बाजूला काढायचं आणि कल्हईवाल्याची वाट बघायची. पितळी स्वयंपाकघर चाललं ते या फेरीच्या जोरावर. फेरी चुकली की काय होतं, हे पुण्यात दिसलं.

भारतातल्या लहान मुलांना होणारा यकृताचा एक जीवघेणा आजार होता. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतच्या मुलांचं पोट फुगायचं, यकृत दगडासारखं कठीण व्हायचं, आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत जायची. घरात एक मूल गेलं की पाठचंही जाण्याची भीती असे, म्हणून तो आनुवंशिक मानला जाई. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या मुलांचा मागोवा घेतला. त्यांच्या यकृतात तांबं प्रचंड प्रमाणात साठलेलं होतं. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी मांडलं की ते येतं वरच्या दुधातून. आजारी मुलांना निरोगी मुलांच्या तुलनेत लवकर गाई-म्हशीचं दूध सुरू झालेलं असे, आणि ते दूध कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, साठवलेलं असे. दूध आंबट नसतं, मग तांबं कसं उतरतं? दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं, पृष्ठभागावरून ते ओढून घेतं. पाण्याने जे होत नाही ते दुधाने होतं. त्याच पितळी भांड्यातलं दूध पिऊन धडधाकट वाढलेली मुलंही पुष्कळ होती, त्यामुळे काही मुलांची प्रकृती मुळात तांब्याला हळवी असावी असं मत आजही मांडलं जातं. पण उपाय साधा होता, भांडं बदला. घरोघर स्टील आलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

मला वाटतं, महाराष्ट्रातल्या स्टीलच्या पातेल्याबद्दल आपण कधी कृतज्ञता व्यक्त केलेली नाही. पितळ मोडीत देऊन स्टील घेतलं म्हणून आधीच्या पिढीतल्या बायकांना आज नातवंडं हसतात, ‘सोन्यासारखी भांडी दिली गं’ म्हणतात. त्या बायकांनी अनेक लेकरांची यकृतं वाचवली.

आज पितळ परत आलं आहे. पुण्याच्या तुळशीबागेत, तांबट आळीत, मोबाइलवरच्या दुकानांत ठोक्याच्या कामाची देखणी पातेली, कढया, कासंड्या मिळतात. तांबट आळीतल्या कारागिरांचं मठारकाम मलाही आवडतं, ते टिकावं असं मनापासून वाटतं. पण विकणारे ‘आयुर्वेदिक’, ‘पूर्वजांचं शहाणपण’ असे शब्द जेवढ्या मोठ्याने बोलतात तेवढ्या मोठ्याने कल्हईबद्दल बोलत नाहीत. काही भांडी आतून पांढरी असतात, काही नुसती पिवळीधमक, आणि गिऱ्हाईक पिवळीकडेच आकर्षित होतं कारण ती जास्त ‘ओरिजिनल’ वाटते. पूर्वजांचं शहाणपण पितळेत नव्हतं, कल्हईवाल्याच्या फेरीत होतं. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही नीट कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं अन्नासाठी वापरू नये असं स्पष्ट म्हटलेलं आहे.

शिवाय आता कल्हईतही खोट आहे. कथील तांब्याहून कितीतरी महाग आहे, आणि शिसं स्वस्त. कथलात शिसं मिसळलं की मिश्रण १८३ अंशांनाच वितळू शकतं, सहज पसरतं, दिसायला तेवढंच चकचकीत. पण शिसं आंबटात उतरतं आणि लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतं. तांब्यापासून वाचायला लावलेला पापुद्रा तांब्याहून घातक ठरावा, यापेक्षा वाईट सौदा नाही.

तेव्हा पितळी पातेलं घेणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. आतून कल्हई असलेलंच घ्या, आणि वर्षभराने ती परत कोण करून देणार हे घेतानाच विचारा. कल्हई लावून घ्यायला गेलात की कथलाची कांडी आधी कानाशी धरून वाकवून दाखवायला सांगा. शुद्ध कथील वाकताना कर्र असा बारीक आवाज करतं, त्यातल्या स्फटिकांची मांडणी झटक्याने बदलते म्हणून. शिशाची भेसळ भरपूर असेल तर कांडी गुपचूप वाकते. ही काही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे, पण ढोबळ फसवणूक पकडायला पुरते. तळाशी पिवळं दिसायला लागलं की त्यात ताक, आमटी, चटणी काही ठेवू नका. आणि जवळपास कल्हईवाला उरला नसेल तर पितळेचा हंडा पाण्यासाठी खुशाल वापरा, बाळाचं दूध मात्र स्टीलच्या पातेल्यातच तापवा.